गाडीच्या आधी पुडी

साखराबाईच्या हातचा डबा सकाळच्या पहिल्या एस.टी.नं लातूरला निघाला, आणि गाडी औशाच्या पुढं गेली असेल नसेल तोवर साखराबाई गेली.

तिचा नवरा सिद्धलिंग डबा कंडक्टरच्या सीटखाली ठेवून परस्पर रानात गेला होता. ज्वारी वीतभर झाली होती आणि तिच्यात तण माजलं होतं. त्यानं कोळपं जुंपलं, दोन तासं मारली, तेवढ्यात बांधावरून नागरबाई येताना दिसली. नागरबाई त्याच्या शेजारघरची. जाड अंगाची, गुडघ्यानं अधू. ती पळत येते आहे हे बघूनच त्यानं बैल थांबवले.

"भावजी, घरी चला," ती म्हणाली. दम लागला होता म्हणून पुढं बोलली नाही असं त्याला आधी वाटलं. मग तिचं तोंड बघितलं. तो बैल सोडायला वाकला आणि जुवाची गाठ काही केल्या सुटेना. शेवटी नागरबाईनंच ती सोडली.

साखराबाई चुलीपुढं कुशीवर झाली होती. हाताला पीठ तसंच होतं. औशाहून आलेल्या डॉक्टरानं डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आत कागदासारखं पांढरं होतं. अंगात रक्तच नाही, काळीज किती दिवस ओढणार, म्हणाला.

लातूरला एस.टी.डी. बूथवरून निरोप गेला तो ताहेरकडं. ताहेर म्हणजे लातूरच्या स्टँडवर खेड्यांतून आलेले डबे उतरवून घेणारा आणि हातगाडीवर घालून पोरांच्या खोल्यांवर पोचवणारा माणूस. भूकंपानंतर सरकारनं बांधून दिलेल्या कॉलनीत माणसं राहायला आली, आणि थोड्याच वर्षांत त्या घरांतली पोरं शिकवण्यांसाठी लातूरला गेली. सिद्धलिंगची तनुजाही अकरावीला तिथंच होती. ती क्लासवरून आली, डबा उघडून जेवली, घासून पालथा घातला, आणि मग ताहेर रिकाम्या हातानं दारात येऊन उभा राहिला. डब्यावालं माणूस दुपारचं रिकाम्या हातानं आलं म्हणजे काय, हे तिला सांगावं लागलं नाही.

माती झाली. पावणेरावळे आले नि गेले. तिसऱ्या दिवसापासूनच कॉलनीत एक बोलणं सुरू झालं होतं, की साखराबाई पुडीनं गेली.

पुडीचं असं होतं. पावसाळ्याच्या तोंडाला लातूरहून एक डॉक्टरीण जीपनं आली होती. सादिया तिचं नाव. वडलांचं लातूरच्या गंजगोलाई बाजारात बांगड्यांचं दुकान, त्यामुळं कॉलनीतल्या निम्म्या बायकांना ती आधीच ओळखीची निघाली. तिनं बायकांची रक्तं तपासली आणि ज्यांची कमी भरली त्यांना चाचणीत घेतलं. रोज एक पुडी खायची. शेवग्याचा पाला, नाचणी, तीळ आणि लोहाची भुकटी. पण ती निम्म्याच बायकांच्या पुडीत. उरलेल्यांच्यात भाजलेलं पीठ, रंग आणि वास तसाच. कुणाच्यात काय आहे ते सादियालाही ठाऊक नव्हतं. ते चाचणी चालवणाऱ्या पुण्याच्या लोकांना ठाऊक. दोन्हींतलं रक्त कसं वाढतं ते बघायचं आणि मग पुडी कामाची का बिनकामाची ते ठरवायचं. बायकांनी हे सगळं ऐकून घेतलं होतं, अंगठे आणि सह्या दिल्या होत्या, रिकाम्या पुड्या दर आठवड्याला परत केल्या होत्या. दिवाळीच्या आधी मधली तपासणी झाली आणि एकीचंही रक्त वाढलं नाही. साखराबाईचं तर इतकं उतरलं होतं की सादियानं तिला तिथल्या तिथं दवाखान्यात दाखल व्हायला सांगितलं. ज्वारीची खुरपणी होऊ द्या, मग येते, साखराबाई म्हणाली होती.

सादिया बसायला आली तेव्हा सिद्धलिंग ओसरीवर होता. तिनं डोक्यावरून ओढणी घेतली आणि भिंतीला टेकून खालीच बसली. मग तिनं सांगितलं की वरची माणसं चाचणीतून हे गाव वगळायचं म्हणतात. सिद्धलिंग ऐकत होता. त्याला एकच विचारायचं होतं आणि ते कसं विचारावं ते कळत नव्हतं.

तनुजा पाणी घेऊन आली. आईला ती अव्वा म्हणायची. अव्वा रोज काय खायची, ते दाखवा म्हणाली. सादियानं पिशवीतून एक पुडी काढून फाडली आणि तिच्या तळहातावर थोडी भुकटी टाकली. पोरीनं वास घेतला. ती तशीच आत गेली आणि फडताळातला पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात काळपट लाडू होते.

"अव्वा हेच पाठवायची," ती म्हणाली. "रोज एक."

पावसाळ्यात तनुजा क्लासमध्ये घेरी येऊन पडली होती. त्यानंतरच हे लाडू डब्यात यायला लागले होते. सादियानं एक लाडू फोडला, हुंगला आणि खाली ठेवला. सिद्धलिंगनं पोरीकडं बघितलं. तिचा हात अजून तसाच उघडा होता, भुकटी होती तिथंच.

आता त्याला विचारता आलं. "बाई, तिनं खाल्ली असती तर ऱ्हायली असती का?"

सादिया म्हणाली, "काका, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. पुडी कामाची आहे का, ते कळायलाच ही चाचणी होती. ती आता फुकट गेली."

"मग परत करा," सिद्धलिंग म्हणाला.

दोन दिवसांनी हणमंतरावांनी महादेवाच्या देवळापुढं माणसं गोळा केली. हणमंतराव मागचे सरपंच. भूकंपानंतरची पत्र्याची शेडं पडायच्या आधी कॉलनीतली घरं मिळवून दिली ती त्यांनी, म्हणून त्यांचं ऐकायची गावाला सवय होती. त्यांनी ठरवलंच होतं की सादियाच्या जीपला वेशीतूनच परत लावायचं. सिद्धलिंगनं पुढं उभं राहावं आणि नुसतं हो म्हणावं, बाकी बोलायचं ते बोलतील.

सिद्धलिंग उभा राहिला. हो म्हटलं की सुटका होती. साखराबाईचं नाव चांगलं राहिलं असतं आणि पोरीकडं कुणी बोट केलं नसतं. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"माझ्या बायकोनं पुडी खाल्लीच न्हाई," तो म्हणाला. "लाडू करून पोरीला धाडली. पुडीवर आळ घालू नका."

हणमंतराव त्याच्याकडं बघत राहिले. बायका मागं कट्ट्याच्या कडेला बसल्या होत्या. तिकडून नागरबाईचा आवाज आला.

"मग म्या तरी कुठं खाल्ली?"

तिचा नातू लातूरला दहावीला होता. तिनं पुडी त्याच्या चटणीत कालवली होती. तिच्या शेजारची म्हणाली, मी थालीपिठात घालायची. एकीनं कणकेत मळली होती. जिचं लातूरला कुणी नव्हतं तिनं सुनेला दिली होती, आणि सुनेनं ती बाळंत होऊन आलेल्या नणंदेला. सगळ्यात शेवटी हणमंतरावांची म्हातारी बायकोच तोंडाला पदर लावून म्हणाली की आपण तर म्हशीला घातली, ती आटायला लागली होती म्हणून. म्हैस दुधाला कशी आहे आता, असं कुणीतरी विचारलं. बरी हाय, म्हणाली. तेव्हा देवळापुढं हसू फुटलं. दुखवट्याच्या माणसापुढं हसू नये म्हणून दाबलेलं, आणि दाबल्यामुळं जास्तच फुटलेलं. सिद्धलिंगला स्वतःला हसू आलं नाही, पण त्यानं हातातली टोपी परत डोक्यावर चढवली.

सादियाला कळलं तेव्हा ती जीपच्या पायरीवर बसून आधी हसली, मग रडली. एका गावची सगळी चाचणी एस.टी.नं लातूरला गेली होती. ताहेरही दोषी निघाला. डबे वाहताना पोरं त्याला लाडवातला तुकडा द्यायची. हातगाडी आताशा हलकी लागते असं वाटायचंच, म्हणाला.

वरच्या लोकांना समजावायला सादियाला महिना गेला. ते दोन अटींवर तयार झाले. पुडी कुणाच्या तरी समोर खायची. आणि बायका मधेच गळायला लागल्या तर गाव कायमचं बाहेर. सादियानं स्वतःची एक गोष्ट मागून घेतली. लातूरला शिकणाऱ्या पोरांची रक्तं दवाखान्यात तपासायची आणि लागेल त्याला गोळ्या तिथून द्यायच्या. आईच्या तोंडचा घास पोराला जायचं कारणच उरायला नको. तनुजाचं रक्त चांगलं भरलं. ते कशानं, हे कुणी सांगू शकलं नाही.

समोर खायची म्हणजे कुणासमोर, यावर कॉलनीत वाद झाला. घरोघर फिरणारी नर्स आठवड्यातून एकदा येणार. शेवटी नागरबाईच म्हणाली, बायका रोज एका जागी कुठं येतात? थांब्यावर. डबे घेऊन. मग पुडी पोटात गेल्याबिगर डबा गाडीत जाऊ द्यायचा न्हाई. ज्यांचा डबा न्हाई त्यांनीबी तिथंच यायचं. आणि उभं कोण राहणार, तर भावजी. त्यांना तसंही पोरीचा डबा घेऊन यावंच लागतंय.

तेव्हापासून सिद्धलिंगचा दिवस भाकरीनं सुरू व्हायला लागला. पहिल्या भाकऱ्या तव्यापर्यंत पोचतच नव्हत्या, हातावरच तुटायच्या. नागरबाई भिंतीवरून बघायची आणि म्हणायची, पीठ मळा की, गवंडीकाम करायलात काय. कोळपं धरलेले त्याचे तळहात, त्यांना पिठाचा अंदाज येईना. तव्याची कड लागून मनगटावर चट्टे उठले. तरी डबा भरायचा, थांब्यावर जायचं. बायका यायच्या, गाठोड्यातला डबा खाली ठेवायच्या, पुडी फाडून तोंडात टाकायच्या, वरून लोटीतलं पाणी प्यायच्या आणि त्याच्याकडं तोंड करून आ करायच्या. म्हातारीकोतारी बाईसुद्धा आ करायची. सिद्धलिंगला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कट्ट्यावरची पोरंटोरं म्हणायची, मास्तर, हजेरी झाली का. पानाच्या टपरीवर त्याला बायकांचा मुकादम म्हणायला लागले. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा आणि गाडी गेली की तुरीच्या रानात जायचा. तूर कापताना खुंट पायात घुसायचे. संध्याकाळी पाय चुलीपुढं शेकताना घरात बोलायला कुणी नसायचं.

लातूरहून तनुजाचे डबे जसेच्या तसे परत येऊ लागले तेव्हा तो गाडी धरून गेला. तनुजा खोलीत पुस्तक मांडून बसली होती. गालफडं बसली होती. ताहेर दाराबाहेर उभा राहिला, आत आला नाही.

"भाकरी कडक हुती म्हणून खाल्ली न्हाईस का?" सिद्धलिंगनं विचारलं.

तिनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "अप्पा, मी तिचं खाल्लं."

"तिनं खाऊ घातलं," तो म्हणाला. "भूकंपात पत्र्याखालून तुला ओढून काढलं तवा तिनं हात मोडून घेतला. तवा तू काय मागितलं हुतंस? ते तिचं तिनं ठरवलेलं. तू जेव."

त्यानं परत आलेला डबाच उघडला आणि तिच्यासमोर बसून अर्धी भाकरी मोडून घेतली. भाकरी खरोखर कडक होती. ती चावता चावता पोरीच्या तोंडाकडं बघत राहिला. थोड्या वेळानं तिनं उरलेली अर्धी घेतली.

थंडी सरता सरता भानगड झाली. काही बायकांना परसाकडं काळं व्हायला लागलं. आधी घाबरल्या, सादियानं सांगितलं की लोहानं तसं होतं, भ्यायचं काही नाही. झालं. बायकांनी दोन दिवसांत सगळी चाचणी उघडी करून टाकली. ओढ्याकाठी एकमेकींना विचारून ठरवलं की हिच्यात औषध, तिच्यात पीठ. पुण्याच्या लोकांनी कुलूप घातलेलं ते कळशी भरता भरता निघालं. औषधवाल्या खूश. पीठवाल्या म्हणाल्या, पीठच खायचं तर घरचं काय वाईट? काही अदलाबदल करायच्या गोष्टी करायला लागल्या. एका सकाळी थांब्यावर निम्म्याच बायकांनी पुडी काढली. बाकीच्यांनी डबे खाली ठेवले आणि हाताची घडी घातली.

सिद्धलिंग आदल्या संध्याकाळी समजूत घालायला गल्लीगल्लीनं फिरला होता. कुणी दार लोटून घेतलं, कुणी बसा म्हणून चहा दिला आणि विषय काढू दिला नाही. हणमंतराव म्हणाले होते, मी बोललो असतो, पण माझ्या घरचीच पीठवाली आहे. आता गाडी वळणावर दिसायला लागली होती. डबे चढवले तर अट मोडली. न चढवावेत तर पोरं उपाशी. त्यानं हात जोडले आणि ते तसेच राहिले.

नागरबाईनं कमरेची पुडी काढली आणि सगळ्यांकडं तोंड करून उभी राहिली.

"माझ्यात पीठच हाय," ती म्हणाली. "मला रोज समजतंय. पर पीठ खाल्लेल्या बायका न्हाई ऱ्हायल्या तर औषधाचं माप कशाशी लावायचं त्या डॉक्टरीण पोरीनं? साखरी आन् मी एका पत्र्याच्या शेडात तीन पावसाळे काढले. एका चुलीवर. ती कशानं गेली ते मला कळू द्या. मग नगा खाऊ."

तिनं पुडी तोंडात रिकामी केली, पाणी प्याली, आणि सिद्धलिंगपुढं येऊन भला मोठा आ केला. दातांना भुकटी चिकटलेली होती.

गाडी येऊन थांबली होती. कंडक्टर दारात लोंबकळून घंटीच्या दोरीला हात घालून बघत होता. हणमंतरावांच्या बायकोनं आधी पुडी फाडली. मग शेजारणीनं. मग कागद फाटायचा आवाज थांब्यावर एकदम सुरू झाला. सगळ्या डब्यांना गाडीत जागा मिळेपर्यंत कंडक्टरनं दोरी ओढली नाही.

त्यानंतर एकही बाई चुकली नाही. लग्नाला गेली तर पुड्या घेऊन गेली आणि तिथल्या माणसापुढं खाऊन आली. ज्वारी काढायला आली तेव्हा बायका पहाटेच थांब्यावर यायच्या आणि तिथूनच विळे घेऊन रानात जायच्या. काहींच्या चालीत फरक पडला होता. खळ्यावर पाटी उचलताना आधी ज्या मधेच बसायच्या त्या बसेनात. सिद्धलिंग बघायचा, पण बोलायचा नाही. पुण्याहून निकाल आल्याशिवाय बोलायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं.

उन्हाळ्यात शेवटची तपासणी झाली, आणि आंब्याच्या दिवसांत सादिया निकाल घेऊन आली. समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. तनुजा सुट्टीला आली होती, ती दाराशी बसली. ताहेरही आला होता. गिऱ्हाईकाचा मामला आहे, म्हणाला.

सादियानं कागद काढला आणि परत पिशवीत ठेवला. तोंडानंच सांगितलं. चाचणीत पुष्कळ गावं होती. बाकी प्रत्येक गावात बायका गळाल्या. शेवटपर्यंत एकही न गळालेलं गाव हे एकच. आणि ज्यांच्या पुडीत औषध होतं त्यांचं रक्त वाढलं, चांगलं वाढलं. पीठवाल्यांचं होतं तिथंच राहिलं.

"म्हंजी कामाची हाय," नागरबाई म्हणाली.

"कामाची आहे, मावशी."

"आन् माझ्यात?"

"पीठ."

नागरबाईनं मांडीवर थाप मारली. "म्या म्हणलंच हुतं," ती म्हणाली, आणि उठली. गुडघा धरूनच उठली. तिनं सादियाचे दोन्ही हात धरले आणि तिला मध्ये ओढलं. डॉक्टरीणबाई नको नको म्हणत राहिली आणि फेर सुरू झाला. औषधवाल्या आणि पीठवाल्या भोवतीनं टाळ्या द्यायला लागल्या. अधू गुडघ्याची नागरबाई आणि लातूरची डॉक्टरीण, दोघींची फुगडी. बांगड्यांचा आवाज समाजमंदिरात मावेना. हणमंतरावांनी चहाचं पातेलं स्वतः उचलून आणलं आणि ओगराळ्यानं वाढायला लागले. त्यांच्या घरच्यांनी त्यांना एवढं काम करताना पहिल्यांदाच बघितलं असावं. तनुजाला बायकांनी दारातून उठवून फेरात घेतलं. ती आधी अंग चोरून फिरली, मग मोकळी फिरली.

सादिया दम खात सिद्धलिंगजवळ येऊन बसली. तिला घाम आला होता.

"काका, आता सांगू शकते," ती म्हणाली. "काकूंच्या पुडीत औषध असतं आणि त्यांनी ते खाल्लं असतं, तर फरक पडला असता. पण त्यांच्या पुडीत काय होतं ते मी अजून कागदात बघितलेलं नाही."

"नगं बगायला," सिद्धलिंग म्हणाला. "पुडी कामाची हाय, तेवढं पुरं."

तो समाजमंदिराबाहेर आला. उन्हात कॉलनीच्या गल्ल्या सरळ दिसत होत्या. आतून अजून टाळ्या येत होत्या. टपरीवरच्या माणसानं त्याला हाक मारली आणि या वेळी नावानं मारली. त्यानं पान घेतलं, साखराबाई गेल्यापासून पहिलंच.

पीठवाल्या बायकांना नंतर औषधाची पुडी मिळाली. ती संपली. अंगणवाडीतून ती सगळ्यांना मिळावी म्हणून सादियानं कागद वर पाठवले आहेत. पुडी अजून आलेली नाही. नागरबाई दर आठवड्याला अंगणवाडीत जाऊन विचारून येते. आणि या सगळ्या धावपळीत साखराबाईला पुरलं त्या मातीवर ओटा बांधायचा राहिला, तो अजून राहिलेलाच आहे.